खिसा पाडायला परवानगी नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या आपटेकाकांनी माझ्या कुर्त्याला खिसा पाडू दिला नाही. कारण विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, तिथे भार घेणारी भिंत आहे. फोडता येणार नाही."

भिंत होती कापडावर. काका जन्मभर एका बांधकाम कचेरीत नकाशे काढून निवृत्त झाले. बाकीचे निवृत्त लोक टेकडीवर जाऊन सरकारला नावं ठेवतात. हे घरी बसून फ्रान्समधल्या इमारती काढतात. चर्चच्या टोकदार कमानी, गोल रंगीत खिडक्या, गॅलऱ्यांचे नक्षीदार कठडे. मग ते सगळं सुती कापडावर छापून आणतात. स्वतः फ्रान्स पाहिलंय का? छे! लोणावळ्याच्या पुढे गेलं की त्यांना पित्त होतं.

कापड सुरेख असतं, हे कबूल. पण कापड घेतलं की सोबत काकाही येतात. शकीलभाई टेलरच्या दुकानात ते स्टुलावर बसून देखरेख करत होते.

"पाया घेराशी, कळस गळ्याशी. उलटं बेतलंत तर इमारत कोसळेल."

"काका, बाह्या तरी लावू ना?" शकीलभाईंनी विचारलं.

"लावा. पण कमानीच्या मधला दगड कापू नका. अख्खी कमान त्याच्यावर उभी आहे."

शकीलभाईंनी कात्री खाली ठेवली. "ताई, आमच्या तीन पिढ्या पुण्यात कापड कापतायत. नकाशा मंजूर करून घ्यायची वेळ आजच आली."

खिसा राहिला तो राहिलाच. मी मोबाइल हातात धरून फिरते. बरं, बोलायचीही सोय नाही. "ही खिडकी जरा वाकडी दिसते का हो?" एवढंच एकदा म्हटलं, तर काका चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हा नाद कुठून लागला, तेही सांगते. त्यांची मुलगी मीरा पॅरिसला कापडाची डिझाइनं शिकायला निघाली, तेव्हा काका भर जिन्यात म्हणाले होते, "चिंध्या रंगवायला एवढ्या लांब कशाला जायचं?" पोरगी गेली. दोन वर्षं बापाशी अबोला. खुशाली कळते ती काकूंकडून. काका दर महिन्याला नवं डिझाइन तिला फोनवर पाठवतात. तिने पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. "कामात असेल," असं उलट आम्हालाच समजावतात आणि पुढची इमारत काढायला घेतात. मला फार राग यायचा. एकदा सुनावलंसुद्धा, "अहो, सरळ माफी मागा की तिची!"

"वहिनी, तोंडानेच तर घोटाळा केला," ते म्हणाले. "आता हाताने बघतो."

परवा सकाळी आमची बेल वाजतच राहिली. दारात काका. त्यांनी फोन पुढे केला. मीराचं उत्तर होतं.

"बाबा, खिडक्या फार जवळ आल्यात. मध्ये जागा सोडा. आणि कठड्याचा निळा भयंकर आहे."

बस्स. ना कशी आहे, ना कसे आहात. मला काकांकडे बघवेना. पण बघितलं, तर त्यांचे डोळे वाहत होते आणि चेहरा हसत होता.

"चुका काढल्या हो तिने! चूक काढायला आधी नीट बघावं लागतं." मग एकदम काळजीत पडून विचारलं, "निळा खरंच भयंकर आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"असणारच! मीरा म्हणते म्हणजे असणारच," म्हणाले, आणि डोळे न पुसताच रंग बदलायला पळाले.