हजेरी तीन दिवस कमी

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातली तीन नंबरची खिडकी माझी. तिथं रडणारे येतात, ओळखी सांगणारे येतात, मामाला सोबत आणणारेही येतात. फौजी मात्र एकटा आला आणि ताठ उभा राहिला. तेव्हाच मी ओळखलं, याचं काही खरं नाही.

दोन वर्षं सैन्यात काढून तो शेवटचं वर्ष पुरं करायला परतला होता. सेवेतून मोकळं व्हायला उशीर झाला, म्हणून हजेरी तीन दिवस कमी भरत होती. परीक्षेच्या फॉर्मची मुदत शनिवारी पाचपर्यंत. ती हुकली की वर्ष गेलं.

"गैरहजेरीचं कारण?" मी विचारलं.

"सीमेवर होतो."

मी फॉर्म उलटसुलट पाहिला. कारणं तीनच छापलेली: आजारपण, स्वतःचं लग्न, घरातला मृत्यू.

"यातलं काय झालं तुम्हाला?"

"काहीच नाही, साहेब. धडधाकट परत आलो."

"तिथंच घोळ झाला ना!" मी मनापासून हळहळलो. "अहो, कावीळ झाली होती म्हणून सर्टिफिकेट लिहून आणा. निम्मं विद्यापीठ काविळीवर पास झालंय."

"खोटं लिहू?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. खोटं कोण म्हणालं? मी सर्टिफिकेट म्हणालो.

पण आमचंही काळीज काही दगडाचं नाही. प्रकरण कुलगुरूंपर्यंत गेलं, त्यांचे डोळे पाणावले, आणि फौजीचा जाहीर सत्कार करायचं ठरलं. सभागृह ओस पडू नये म्हणून परिपत्रक निघालं: उपस्थितांना तीन दिवसांची हजेरी. कल्पना माझीच. फौजीचाही प्रश्न परस्पर मिटत होता.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, हजेरीचा कागद रांगारांगांतून फिरला. पाचला पाच मिनिटं असताना फौजी पुष्पगुच्छ घेऊनच खिडकीशी आला. मी कागद तपासला. त्याची सही नव्हती.

"मी व्यासपीठावर होतो, साहेब! सत्कार माझाच होता!"

"कागद श्रोत्यांसाठी होता. तुम्ही श्रोते होता का?"

त्यानं पुष्पगुच्छ खिडकीत ठेवला आणि निघून गेला. वाईट वाटलं हो मला. बरोबर पाचला खिडकी बंद केली.

तुम्हाला माझा राग आला असेल. येऊ द्या. पण तो हजेरीचा कागद अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या रांगेत तुमची सही आहे, आणि तुमच्याच अक्षरात तुमच्या तीन मित्रांचीही. सही झाल्याबरोबर तुम्ही मागच्या दारानं सटकलात. फौजीचं नाव पुकारेपर्यंतही थांबला नाहीत.