सेटिंगच्या फाइलीतला खून

भाषांतराच्या त्या ऑफिसात भाऊजी कॉम्प्युटर दुरुस्त करत, पण तो नुसता जोडधंदा. मूळचे ते गुप्तहेर. "माझी नजर म्हणजे एक्स-रे, नाक म्हणजे श्वानपथक आणि मेंदू... आता मेंदूबद्दल मी स्वतः काय बोलू?" असं ते स्वतःच रोज बोलत. त्यांच्या धाकट्या मेहुणीला हे तोंडपाठ होतं. ती बिचारी तिथेच भाषांतरं करायची, त्यामुळे कुणी न विचारताच त्यांची सहायक झाली होती.

आज मात्र तिला कौतुकाला वेळ नव्हता. साडेपाचला लेकीचं शाळेत नाटक होतं. मागच्या दोन नाटकांना आई पोचलीच नव्हती. "आज नाही आलीस तर कट्टी, कायमची," असं पोरीनं सकाळी बजावलं होतं. म्हणून मेहुणीबाईंनी दिवसभर मान खाली घालून, समोर येईल त्याचं भाषांतर उरकलं. राहिलं होतं एकच काम. कपडे धुण्याच्या मशिनचं माहितीपुस्तक नव्या सॉफ्टवेअरमधून पाचच्या आत पाठवायचं. त्यासाठी आधी जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली सेटिंगची फाइल नव्यात घालायला हवी होती. पुस्तकातल्या कशाचं भाषांतर करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्या फाइलीत लिहिलेलं असतं. आणि नवं सॉफ्टवेअर ती फाइल काही केल्या घेईना.

भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनवरची लाल ओळ वाचली आणि पांढरेफटक पडले.

"‘अपेक्षित खून सापडली नाही.’ खून! तोही अपेक्षित!"

"खूण आहे ते, भाऊजी. खून असता तर ‘सापडला’ झालं असतं."

"घाईत गुन्हेगाराचं व्याकरण चुकतं. लिहून घे."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार.

भाऊजींचा पहिला तर्क सवतीमत्सराचा. जुनं सॉफ्टवेअर नव्यावर जळतंय, म्हणाले, आणि जुनं बंद केलं. काही फरक नाही. मग म्हणाले, "भाषांतरानं जमत नाही तिथे वेषांतर!" आणि फाइलीच्या नावाचं शेपूट बदललं. आता तर सॉफ्टवेअर तिला ओळखही दाखवेना. शेवटी टेबलाखालच्या एका वायरचा त्यांना दाट संशय आला. त्यांनी ती उपटली. पंखा बंद पडला.

"भाऊजी, पोर माझी वाट बघत असेल हो!" तिला आता रडूच कोसळणार होतं.

एवढ्यात घाम पुसत मुद्रितशोधक आले. ऑफिसात त्यांना सगळे काना-मात्रा म्हणत. त्यांनी स्क्रीनवर वाकून पाहिलं.

"ही फाइल होय? ही तर मी दुपारीच तपासली. झकास भाषांतर! फक्त ‘खोटे’चं दोन ठिकाणी ‘असत्य’ झालं होतं, ते एकसारखं केलं."

तिनं फाइल उघडली. सॉफ्टवेअरला कळणारे सगळे इंग्रजी शब्द शुद्ध मराठीत बसले होते. ‘कुलूपबंद: होय.’ ‘भाषांतर करू नये: खरे.’

"अगं बाई! हे मीच केलंय," ती कपाळावर हात मारून म्हणाली. "काय भाषांतर करायचं नाही ते सांगणाऱ्या फाइलीचंच भाषांतर! पण भाषांतराच्या फोल्डरमध्ये ही टाकली कुणी?"

भाऊजी खिडकीबाहेर बघू लागले. "पुरावा नेहमी गर्दीत लपवावा, असं माझं तत्त्व आहे."

तिनं जुनं सॉफ्टवेअर सुरू करून मूळ इंग्रजी शब्दांची फाइल पुन्हा काढली, नव्यात घातली. दोन मिनिटांत काम. पाचला पाच कमी असताना पुस्तक रवाना झालं.

"थांब, तुझा जबाब राहिलाय!" भाऊजी ओरडले. ती जिन्यात होती.

शाळेच्या हॉलचं दार ढकलून ती धापा टाकत आत शिरली, तेव्हा पडदा नुकताच वर गेला होता. रंगमंचावर पुठ्ठ्याचा भाला धरून तिची लेक द्वारपाल म्हणून उभी. पोरीला सगळ्या नाटकात एकच वाक्य होतं, ‘महाराज आले हो!’ तिनं छाती फुगवली आणि तेवढ्यात तिला दारात आई दिसली.

"आई आली हो!" पोर जीव खाऊन ओरडली.

महाराज बिचारे आतच थांबले.