रिकाम्या मांडीचा दाखला

मास्तरांना एक कुत्रा हवा होता. तो त्यांनी रस्त्यावरून उचलून आणला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मास्तर सरळमार्गी माणूस, त्यांनी अर्ज केला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते कपडे शिवायचे. खाली दुकान, वर घर. लोकांची पोटं वाढली की पँटीची शिवण उसवून द्यायची आणि लोकांनी पोट कमी करायचा निश्चय केला की पुन्हा आत घ्यायची, या दोन कामांवर त्यांचं तीस वर्षं बरं चाललं होतं. निश्चय फार टिकत नसल्यामुळे एकच पँट वर्षातून दोनदा यायची.

घरात ते आणि त्यांची बायको. मुलीचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून घरातलं बोलणं आटलं होतं. "दूध आलं?" "आलं." एवढ्यावर अख्खा दिवस निघायचा. जी बाई पूर्वी भाजी आणायला जाऊन, भाजीवाल्याशी अर्धा तास बोलून, भाजी न घेताच परत यायची, ती आता आठवडा पन्नास शब्दांत उरकत होती.

मग एकदा एका मंडळाच्या कार्यालयाचे पडदे लावायला मास्तर गेले. पडदे धरायला म्हणून बायकोला नेलं होतं. तिथल्या कोचावर कुणीतरी मफलर विसरून गेल्यासारखं काहीतरी पडलेलं होतं. बायको टेकली तसा तो मफलर उठला, तिच्या मांडीवर चढला आणि डोळ्यांवरच्या झिपऱ्यांतून तिच्याकडे बघत बसला. आणि बायको बोलायला लागली. त्याच्या कानांबद्दल, मुलीच्या लहानपणच्या गोवराबद्दल, शेजारणीने सहा वर्षांपूर्वी नेलेल्या आणि अजून न आणलेल्या डब्याबद्दल. वीस मिनिटं. मास्तर स्टुलावर उभे, तोंडात पडद्याच्या कड्या, हलायची सोय नाही. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "दूध आलं होतं ना?" ती म्हणाली, "हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज आणला.

मंडळाचं पूर्ण नाव 'अल्पाकार सहचर श्वान पुनर्वसन मंडळ'. अल्पाकार सहचर श्वान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या केवळ माणसाच्या मांडीवर बसण्यासाठी घडवलेली बुटकी, झिपरी, चपट्या नाकाची जात. घरात चोर शिरला तरी हे कुत्रं आधी त्याची मांडी बघतं. अशी बारा कुत्री विकणारा एक माणूस धंदा गुंडाळून पळून गेला तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी ती आपल्या ओट्यावर आणून सोडली, आणि एका दुपारीच, आल्या-गेल्यांनी, काही न विचारता त्यांतली अकरा उचलून नेली. ती सगळी आजही सुखात आहेत. हा बेशिस्त प्रकार पुन्हा घडू नये म्हणून मंडळ स्थापन झालं.

त्याला चार वर्षं झाली होती. मंडळाकडे आता नऊ पदाधिकारी, तीन कपाटं आणि मफलर होता.

अर्ज चौदा पानी होता. तो भरून दिल्यावर प्राथमिक चौकशी झाली. विम्यातून निवृत्त झालेले सचिव ती घेत.

"यापूर्वी कोणाला सांभाळलंय?"

"मुलीला."

"सध्या कुठे असते?"

"लग्न करून दिलं तिचं."

सचिवांनी चष्मा काढला. "म्हणजे तेवीस वर्षं सांभाळलेला जीव तुम्ही दुसऱ्यांना देऊन टाकलात."

"देऊन टाकला असं नाही हो. लग्न…"

"ज्या घरात दिलात ते घर तपासलं होतं?"

"दोनदा चहाला गेलो होतो."

"कपाटाखाली वाकून बघितलं?"

"नाही."

"घरातल्या प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत?"

"मुलाची आई बोलत होती. बाकीचे बिस्किटं खात होते."

"महिनाभर तिथे ठेवून, जीव रमतो का बघून, न रमल्यास परत घेण्याची लेखी अट?"

मास्तरांनी मान खाली घातली. सचिवांनी लिहिलं : 'अर्जदारास जीव पुरेशा चौकशीविना इतरत्र सोपवण्याची पूर्वपीठिका आहे. पाच गुण वजा.'

संध्याकाळी हे बायकोला सांगितलं. ती पोळपाट पुसत होती. "चुकलं काय त्यांचं?" ती म्हणाली. "असा फॉर्म पोरीच्या वेळी असता तर तिच्या सासूला नऊ गुणसुद्धा पडले नसते." दीड वर्षातलं तिचं घरातलं हे सर्वांत लांब वाक्य होतं. अर्ज नुसता पुढे सरकला तरी एवढा गुण येतो, तर कुत्रा आल्यावर काय होईल, या विचाराने मास्तरांना हुरूप आला.

मग गृहतपासनीस आली. तिशीतली, चुणचुणीत, हातात बॅटरी. मफलरची उंची नऊ इंच असल्यामुळे घर नऊ इंचांवरून बघायचा मंडळाचा नियम होता, म्हणून ती उंबऱ्यापासून सरपटत आत शिरली. कॉटखाली तिला मुलीचं सहा वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं, आणि टाचण्या एकशे बारा.

"टाचण्यांचं निर्मूलन करून कळवा," ती कॉटखालून म्हणाली.

मास्तरांनी दोरीला चुंबक बांधला आणि आठवडाभर तो सकाळ-संध्याकाळ घरभर ओढला. बायको म्हणाली, "कुत्रा यायच्या आधीच फिरवायला लागलात." बावन्न शब्दांचा आठवडा झाला तो.

दुसऱ्या भेटीत मांडी मोजायची होती. मास्तरांनी मोठ्या हौसेने गळ्यातली टेप पुढे केली.

"तुमची नको," ती म्हणाली. "हितसंबंध येतात."

तिने आपली टेप काढली. लांबी सतरा इंच, उतार मर्यादेत, गुडघ्याचा टोकदारपणा सौम्य. मास्तर खूश. मग ती म्हणाली, "पण ही रिकामी नाहीये." मांडीवर एक पँट होती.

"काढतो की."

"आत्ता काढाल. मी गेल्यावर?"

मास्तर खोटं बोलायला शिकले नव्हते. "मग परत घेईन. धंदा आहे, ताई. गेली तीस वर्षं कुणाची ना कुणाची पँट आहेच मांडीवर."

तिने सहानुभूतीने लिहिलं : 'मांडी उत्तम, तथापि व्याप्त.'

यावर उपाय होता. नियम तेविसाप्रमाणे, सदर मांडीवर किमान एक वर्ष प्रत्यक्ष बसलेल्या आणि आता अर्जदारावर अवलंबून नसलेल्या व्यक्तीने, मांडी हाकेसरशी रिकामी होते असा दाखला द्यायचा. अशी व्यक्ती जगात एकच होती. मंडळाच्या कार्यालयातून, सचिवांसमोर, फोनचा आवाज मोठा करून मुलीला विचारण्यात आलं.

"बाबांच्या मांडीवर?" मुलगी हसली. "बसायचे की. पण तिथे कायम कुणाचा तरी ब्लाउज नाहीतर पँट. मी बसले की म्हणायचे, 'ऊठ, इस्त्री मोडेल.' मग मी त्यांच्या पायाशी बसायचे. तिथे चिंध्या मिळायच्या खेळायला. का हो बाबा?"

"काही नाही बाळा," मास्तर म्हणाले. "सहज."

फोन ठेवल्यावर सचिवांनी आधी चष्मा पुसला. मग त्यांनी लिहिलं : 'दाखला मिळाला नाही.'

"अहो, तर मग हिची मांडी धरा ना," मास्तर काकुळतीला आले. "हिची रिकामीच असते."

"नियम एकतीस. पती-पत्नीची मांडी एकत्र धरली जाते."

अंतिम सुनावणीला दोघं गेली. लांब टेबलाभोवती नऊ पदाधिकारी, मधोमध अध्यक्षबाई, समोर मिनिटं मोजायचं गजराचं घड्याळ. मफलर अध्यक्षबाईंच्या मांडीवर होता. आठ मिनिटं झाली, घड्याळ किणकिणलं, त्याला उचलून सचिवांच्या मांडीवर ठेवण्यात आलं. पुन्हा किणकिण, पुढची मांडी. मफलर आता इतका तयार झाला होता की किणकिणण्याच्या आधी स्वतःच उठून उभा राहायचा, सही करून फाइल पुढे सरकवणाऱ्या कारकुनासारखा.

"मास्तर, तुम्हाला एकोणनव्वद गुण मिळालेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उत्तीर्ण व्हायला नव्वद लागतात. आम्हाला फार वाईट वाटतं."

बायको सगळी सुनावणी गप्प होती. ती आता म्हणाली, "एक विचारू का? तुम्ही नऊ जणं आहात. चार वर्षं याला मांडीवर घेऊन बसताय. मग तुमच्यातल्याच कुणी का नाही नेला घरी?"

गृहतपासनीस खिडकीबाहेर बघायला लागली.

"आम्ही सगळे नापास झालोय," सचिव म्हणाले.

आणि मग एकेकाने सांगितलं. अध्यक्षबाईंच्या घराला सोळा पायऱ्या होत्या. सचिव घोरायचे, ध्वनिपातळी मोजली गेली होती. गृहतपासनीस भाड्याने राहायची आणि घरमालक आपली मांडी तपासू देत नव्हता. खजिनदारांनाही मास्तरांसारखेच एकोणनव्वद गुण पडले होते. प्रत्येकाला नाकारणारी समिती त्याच्या आधी नाकारल्या गेलेल्यांची होती. पहिला अर्ज अध्यक्षबाईंचा. तो त्यांनी स्वतःच तपासला होता आणि निःपक्षपातीपणे फेटाळला होता.

"नियम एक्केचाळीस," सचिव म्हणाले. "नापास अर्जदाराला प्रक्रियेचा अनुभव असतो. असा माणूस वाया घालवायचा नाही. त्याला मंडळावर घ्यायचं. मंगळवार मोकळा आहे, चार ते चार पस्तीस. दोघांनी मिळून."

मास्तर बायकोकडे बघत होते. ती मफलरकडे बघत होती.

"घेतो," मास्तर म्हणाले.

मंगळवार सुरू झाले. चार ते चार पस्तीस बायको मफलरशी बोलायची, आणि तो जोर घरी पोचेपर्यंत टिकायचा म्हणून परतीच्या वाटेवर मास्तरांशीसुद्धा बोलायची. मास्तर मुद्दाम लांबच्या रस्त्याने न्यायचे. पुढे पुढे ती सोमवारीच ठरवायला लागली, उद्या काय काय सांगायचं ते. मंगळवारी मास्तर मांडीवर पँट घेत नसत. दुकानाला पाटी लावली होती : 'मंगळवारी दुपारी बंद. मंडळाचे काम.' लोक आदराने वाचायचे.

वर्षभराने एक अर्ज आला. अर्जदार निवृत्त लिफ्टमन. एकटाच, तळमजल्यावर राहणारा, न घोरणारा. घर नऊ इंचांवरून आरशासारखं. मांडीबद्दल विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितलं, "साहेब, चौतीस वर्षं लिफ्टमध्ये स्टुलावर बसलो. एका हाताने बटण दाबायचं. मांडीवर काही ठेवायला परवानगीच नव्हती." इमारतीतल्या साठ कुटुंबांनी तसं लिहून दिलं होतं. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा कुणाला शंभर गुण पडले.

अंतिम सुनावणीला मफलर त्याच्या मांडीवर दिला. मफलरने एकदा गिरकी घेतली, नाक त्याच्या मनगटाखाली खुपसलं आणि झोपला. घड्याळ किणकिणलं. मफलर उठला नाही. आणखी एकदा किणकिणलं. तो घोरायला लागला. लिफ्टमन अजिबात हलला नाही, फक्त हळू आवाजात म्हणाला, "याला कुठल्या मजल्यावर जायचंय ते कळलंय वाटतं."

कुणीच हसलं नाही. मतदान सुरू झालं. गुण शंभर असल्यामुळे नाकारायचं तर कारण द्यावं लागणार होतं, आणि कारण कुणाला सुचत नव्हतं. अध्यक्षबाईंनी टिपं गाळत 'होय' लिहिलं. सचिवांनी लिहिलं. गृहतपासनीस बाईने तर दोनदा लिहिलं. निर्णय एकमताने लागायचा नियम होता आणि शेवटचं मत मास्तरांचं होतं.

मास्तरांनी झोपलेल्या मफलरकडे बघितलं. देऊन टाकायला हवा, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात बायको त्यांच्या कानाशी वाकली.

"अहो, चौतीस वर्षं रिकामी म्हणजे अगदीच बिनसवयीची मांडी नाही का हो ती?"

मास्तरांचं पेन थांबलं. मग ते उठून उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"अर्जदाराबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले. "पण या मांडीवर चौतीस वर्षांत कोणी बसलेलं नाही. अनुभव शून्य. पहिलाच प्रयोग एका जिवावर करायचा का, याचा सभेने विचार करावा."

सभेने विचार केला. नऊ चेहऱ्यांवर हळूहळू रंग परत आला. अध्यक्षबाईंनी डोळे पुसले आणि आपली चिठ्ठी परत मागितली. सचिव म्हणाले, "मुद्दा नोंद करण्यासारखा आहे," आणि त्यांनी तो अतिशय सुवाच्य अक्षरात नोंदवला.

मफलरला उठवायला तिघं लागले.

जिन्यात मास्तरांनी लिफ्टमनला गाठलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. गुरुवार मोकळा आहे. तीन ते तीन पस्तीस." लिफ्टमनने जिन्याच्या कठड्यावरून एकदा हात फिरवला. मग त्याने विचारलं, "सही कुठे करायची?"

सदस्यत्वाचा अर्ज एकाच पानाचा आहे. वर एक वाक्य छापलेलं आहे, खाली सहीची जागा आहे. वाक्य असं : 'माझ्या हातात असतं, तर मी कुत्रा देऊन टाकला असता.' आत्ता, हे वाचताना, तुमच्याही मनात तेच आलं असेल. शुक्रवारची जागा रिकामी आहे.