ठोंब्याची कोरडी काख

एका जंगलात, बाळांनो, घामाला बंदी होती. गाळायला नाही, दाखवायला.

सभा डोंगरावर भरायची. दारात कोल्हा प्रत्येकाची काख हुंगायचा. कोरडी काख पुढच्या रांगेत, ओली मागे. आणि बोलायला मिळायचं ते पुढच्यांनाच.

तिथे ठोंब्या नावाचं एक खेचर होतं. गुरुकुल अर्धवट सोडलेलं. त्याला सभेत एकच वाक्य बोलायचं होतं: "माझ्या पाठीवर एका वेळी एकच म्हातारा बसावा."

कारण दर सभेला त्याच्या पाठीवर घोडेमामा, मामांच्या पाठीवर वानरआजोबा, आणि आजोबांच्या तोंडी शिस्तीचं व्याख्यान. ठोंब्या निथळत वर पोचायचा. म्हातारे कोरडे ठणठणीत.

"या पिढीला अंघोळ माहीत नाही," मामा त्याच्या पाठीवरून उतरता उतरता म्हणायचे.

शेवटी ठोंब्या अस्वलीण वैदीणबाईंकडे गेला. त्यांनी तुरटीची पूड काढली.

"अत्तर नाही का?"

"अत्तरानं घाम थांबत नाही, नुसता दरवळतो. ही झोपताना कोरड्या काखेत लाव. जरा घाम आला की त्यात विरघळते, आणि घामाच्या बिळांना बुचं बसतात."

"मग सगळ्या अंगालाच फासतो."

"फास की. मग अंग गार कशानं होणार, आजोबांच्या व्याख्यानानं? काखेपुरतीच लाव, गाढवा."

"अर्धाच," ठोंब्या म्हणाला.

सभेच्या दिवशी कोल्ह्याने काख हुंगली. पुन्हा हुंगली. शेपटी फिरवून पाहिली. कोरडी. ठोंब्या थुईथुई नाचत पुढच्या रांगेत गेला आणि त्याने बोलायला तोंड उघडलं.

"थांब," वानरआजोबा म्हणाले. "आम्हाला घेऊन डोंगर चढलास आणि काखेत घाम नाही? म्हणजे ओझं कमी पडतंय."

"आणखी दोघं बसवा," मामा म्हणाले. सभेने माना डोलावल्या.

परतताना पाठीवर चार म्हातारे. निम्म्या उतारावर ठोंब्याला असं हसू फुटलं, की तो गडाबडा लोळला. म्हातारे करवंदीच्या जाळीत.

"ठोंब्या, आम्ही घरी कसं जायचं?"

"तुम्हीच शिकवलंत ना, आजोबा? स्वतःच्या पायावर उभं राहावं."

पुढच्या सभेला म्हातारे पायी चढले. कोल्ह्याने मामांची काख हुंगली आणि तो आडवा झाला.

त्याच सभेत नवा नियम झाला: घाम ही ज्येष्ठांची शोभा. ओली काख पुढे, कोरडी मागे.

ठोंब्या मागे बसला. मागे गवत झकास होतं. आणि बोलायचं ते वाक्य आता उरलंच नव्हतं.

तात्पर्य: कष्टाने मोठेपण येतं. जे आधीच मोठे झालेत, त्यांना ही संधी नाकारू नये.