कॅन्टीनच्या दारातला फळा

मानोजीअण्णा रोज सकाळी फळ्यावर एक विनोद लिहायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत खांबाआड उभं राहून तो वाचून कोण हसतं, कोण हसत नाही, ते एका छोट्या वहीत टिपायचे. नुसतं हसला की नाही एवढ्यावर त्यांचं भागत नसे. कोण मोठ्यानं हसला, कोण नाकातून हसला, कोण शेजारी हसला म्हणून हसला, हे सगळं वेगवेगळं. शेजाऱ्याकडे बघून हसणाऱ्यावर त्यांचा विशेष राग. अशा माणसाला दुपारी पाना हवा असला तर ताटकळत ठेवत.

मी एकदा विचारलं, "अण्णा, हे टिपण कशाला?"

"सुम्मने," ते म्हणाले आणि वही खिशात गेली.

सुम्मने म्हणजे उगाच. आमच्या सात-आठ पिढ्या बंगळुरात गेलेल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. कुणी सुम्मने म्हणालं की ते उगाच नसतं, एवढं मला कळत होतं.

आमचा कारखाना महादेवपुराकडे होता. विजेच्या मोटारी बनवायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पर्सोनेल खात्यात नवा क्लार्क, अजून नोकरीत कायम झालेलो नव्हतो. अण्णा टूल क्रिबमध्ये, म्हणजे जाळीच्या खिडकीमागे बसून कामगारांना पाने, ड्रिल, मोजमापाची हत्यारं देणारे. पितळी बिल्ला घ्यायचे, हत्यार द्यायचे. हत्यार परत आलं की उजेडात धरून उलटसुलट बघायचे आणि विचारायचे, "हाच नेला होतास?" वीस वर्षं तोच पाना नेणाऱ्यालाही हाच प्रश्न. माणूस शपथेवर हो म्हणाला तरी पुढचं वाक्य ठरलेलं: "सरी. पण बघितलंय कोण?" सरी म्हणजे बरं, पण अण्णांच्या तोंडून ते 'बरं, बघू' असं यायचं.

कॅन्टीनच्या दारातला फळा हे त्यांचं स्वतःहून घेतलेलं काम. पाच रकाने: आजच्या दिवशी इतिहासात, ठाऊक आहे का, हवामान, खेळ आणि हसा. सुंदर वळणदार कन्नडमध्ये, खाली बाहेरगावच्या लोकांसाठी इंग्रजीत. पण फळ्यावरही माणूस तोच. एकदा लिहिलं होतं, 'शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. (असे पुस्तक म्हणते. मी मोजलेला नाही.)' क्रिकेटचा निकाल तीन पेपर वाचून लिहायचे, आणि पेपरांत एका धावेचा फरक पडला की खाली टीप: 'दोन पेपरांचे एकमत आहे. तिसऱ्याचे नाही. आपापल्या जबाबदारीवर समजून घ्यावे.' एखाद्या राजाचा राज्याभिषेक असला तरी शेवटी 'असे म्हणतात' असायचंच.

त्या वर्षी सगळा कारखानाच अण्णांसारखा झाला होता. स्वेच्छानिवृत्तीची यादी निघणार अशी कुजबुज होती. स्वेच्छा कुणाची, हे कुणालाच माहीत नव्हतं. नळावर दोघं बोलत असले आणि तिसरा आला की दोघं एकदम पाणी प्यायला लागायचे. आमच्या खात्यात कपाटाला दुसरं कुलूप लागलं होतं आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे हे विचारणंही संशयास्पद होतं.

अशात एका मंगळवारी अण्णांनी फळ्यावर लिहिलं, 'हवामान: पूर्वेकडून जोराचा वारा. दुपारनंतर गडगडाट.'

दुपारी अडीच वाजता पूर्वेकडच्या शेडमधल्या लोकांनी हत्यारं खाली ठेवली. तासभरच. शेडमधले पंखे बंद पडले होते आणि माणसं उकाड्यानं हैराण झाली होती, एवढंच कारण. पण संध्याकाळी आमच्या खात्याच्या गुरुराज साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तो फळा वाचलास?"

"रोज वाचतो सर."

"पूर्व. वारा. गडगडाट." साहेबांनी प्रत्येक शब्दाला टेबलावर बोट आपटलं. "हा निरोप होता. युनियनचा. आणि खांबामागे उभं राहून वहीत नावं लिहितो, ते काय? कोण आपल्या बाजूचा, कोण नाही, त्याची यादी."

मी म्हणालो, "सर, ते विनोद..."

"तू मराठी, तोही मराठी. तुझ्याशी मोकळं बोलेल. रोजचा फळा कागदावर उतरवून मला द्यायचा. आणि तो कुठे जातो, कुणाला भेटतो, बघायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या कन्फर्मेशनचे कागद माझ्याकडेच आहेत."

दुसऱ्या दिवसापासून मी फळा उतरवून घ्यायला लागलो. साहेब लाल पेन्सिल घेऊन बसायचे. ओळींची पहिली अक्षरं जोडून बघ, शेवटची जोडून बघ. एकदा त्यातून 'कढीपत्ता' असं काहीतरी निघालं तेव्हा त्यांनी पेन्सिलीला नवं टोक काढलं. शहामृग म्हणजे युनियनचा सेक्रेटरी, हे मात्र त्यांनी पक्कं केलं होतं. त्या बिचाऱ्याची मान जरा लांब होती.

हळूहळू मलाही शंका यायला लागली, हे कबूल केलं पाहिजे. रोज शोधलं की दिसायला लागतं. अण्णा सुटीच्या भोंग्याबरोबर पळत बसकडे का जातात? कुणाबरोबर चहाला का थांबत नाहीत? ती वही कुणाला हात लावू का देत नाहीत?

आणि अण्णांना माझा संशय आला. एके दुपारी खिडकीच्या जाळीमागून म्हणाले, "राघवा, रोज फळा लिहून घेतोस. का रे?"

"आवडतो म्हणून, अण्णा."

"सरी." त्यांनी एक ड्रिल उजेडात धरलं. "पण कालचा विनोद लिहून घेताना हसला नाहीस. आवडतो तर हसायचं ना स्वल्प?"

मी घाईनं थोडं हसून दाखवलं.

त्या शनिवारी अर्धा दिवस होता. अण्णा कारखान्याच्या बसनं शिवाजीनगरला उतरले. मी मागच्या सीटवर पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो, मीही उतरलो. ते आधी रद्दीच्या दुकानात गेले, जुन्या मासिकांचा गठ्ठा चाळला, एक मासिक काखेत मारलं. दोनदा मागे वळून बघितलं. दोन्ही वेळा मी बांगड्यांच्या दुकानाकडे तोंड केलं. दुसऱ्या वेळी दुकानदारानं माझ्या मापाच्या बांगड्या काढायला घेतल्या. मग अण्णा बाजारामागच्या बोळात एका बैठ्या घरात शिरले. खिडकी उघडी होती. मी समोरच्या भिंतीला टेकलो आणि कान दिले.

"आज शनिवार," आतून अण्णांचा आवाज आला. मग वहीची पानं उलटल्याचा आवाज. "आकाश निरभ्र आहे. पूर्वेला काही नाही."

मी भिंतीला आणखी चिकटलो. साहेब म्हणत होते ते खरं होतं. इथंच बैठक होती. अण्णा कुणाला तरी निरोप देत होते, आणि समोरचा चकार शब्द काढत नव्हता. कोण असेल एवढा सावध माणूस?

"राघवा," अण्णा त्याच सुरात पुढे म्हणाले, "उन्हात कशाला उभा? आत ये. पेपर उलटा धरला होतास बसमध्ये."

मी आत गेलो. कुठे तोंड लपवू असं झालं होतं. खिडकीशी वेताच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. पांढरे केस, वेणी घट्ट घातलेली पण वाकडी, एका बाजूला जास्त केस आलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या भिंतीकडे, दोन्हीकडे सारख्याच नजरेनं.

"ही अंबक्का. माझी बायको," अण्णा म्हणाले. "अंबा, हा राघव. आपल्याच लोकांतला. साहेबांनी पाठवलाय."

म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं.

अण्णांनी मला पाणी दिलं आणि स्वतः खाली सतरंजीवर बसले. तीन वर्षांपूर्वी अंबक्का आधी मीठ विसरायला लागल्या, मग घरचा रस्ता, मग नावं. आता बोलणंही जवळजवळ थांबलं होतं. दिवसा शेजारची बाई बघायची, भोंगा झाला की अण्णा.

"डॉक्टर म्हणाले, रोज तिला सांगा, आज वार कुठला, बाहेर पाऊस की ऊन, जगात काय चाललंय. आणि हसवा. हसवा म्हणे!" अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही डॉक्टरांना मीच शिकवलं होतं. "मी टूल क्रिबचा माणूस. पाना मागितला तर देतो. हसवायचं कसं, मला काय ठाऊक? पूर्वी हे सगळं ती करायची. मी दाढी करायचो आणि ती मोठ्यानं पेपर वाचायची. कोण जिंकलं, कुठे पूर आला, कुठल्या देशात कसला प्राणी असतो. तीस वर्षं मी पेपर हातात घेतला नाही."

"म्हणून फळा?"

"कारखान्यात पाचशे माणसं. त्यांच्यावर चालला तो विनोद घरी आणायचा. न तपासता कसा सांगू? वाईट विनोद सांगितला की तिचं तोंड असं होतं, मी तिला फसवल्यासारखं." त्यांनी वही माझ्यापुढे केली. पानापानावर विनोद आणि त्यांच्यापुढे हसणाऱ्यांचा हिशेब. साहेबांची यादी ती हीच.

मी हळूच विचारलं, "हसतात का अक्का?"

"दिवाळीच्या आधी एकदा हसली. खूप हसली. पण मी तेव्हा विनोद सांगत नव्हतो, खाटेखाली चप्पल शोधत होतो." त्यांनी वही माझ्याकडून परत घेतली. "नंतर पुष्कळदा शोधली. नाही हसली."

निघताना दारापर्यंत आले. "हे ऑफिसात सांगू नको. घरी आजारी माणूस आहे कळलं की म्हणतील, याचं लक्ष कामावर नाही. यादीत पहिलं नाव माझं. युनियनचा समजले तरी चालेल."

मी रविवारभर अहवाल लिहिला आणि फाडला. खरं लिहिलं तर अण्णा संशयातून सुटत होते आणि नोकरीतूनही. शेवटी दोनच ओळी लिहिल्या: 'संशयास्पद काही आढळले नाही. विनोद बहुतेक जुने आहेत.'

साहेबांनी त्या दोन ओळी पाच मिनिटं वाचल्या. "शनिवारी कुठे गेला होता तो?"

"रद्दीच्या दुकानात, सर."

"आणि तू?"

"बांगड्या बघत होतो."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझे कागद आणखी सहा महिने त्यांच्या टेबलावरून हलले नाहीत, आणि फळ्याच्या जागी नोटीस लागली: फळ्याजवळ गर्दी होऊन जेवणाला उशीर होतो, सबब फळा बंद. अण्णांनी ती दोनदा वाचली, जवळ जाऊन सही उजेडाच्या बाजूनं तपासली आणि खिडकीमागे जाऊन बसले. पण यादी निघाली तेव्हा तिच्यात त्यांचं नाव नव्हतं.

मग मी रविवारी त्यांच्याकडे जायला लागलो. अण्णा आधी विनोद माझ्यावर करून बघायचे आणि माझ्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघायचे. "तू एकटा. त्यातून नोकरीला घाबरणारा. तुझ्या हसण्यावर काय भरवसा?" म्हणून मी त्यांचे विनोद आठवडाभर खात्यात सांगायचो आणि निकाल आणून द्यायचो. मला विनोद सांगता येत नाही. शेवट आधी तोंडातून जातो. एकदा तरीही गुरुराज साहेब खो खो हसले. ते मी धावत येऊन सांगितलं.

"साहेब हसले?" अण्णांनी पेन्सिल उचलली आणि विनोद खोडला. "मग नको."

एप्रिलमधला एक रविवार होता. ऊन इतकं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. अण्णांनी नुकतेच कपडे धुऊन दोरीवर घातले होते, पाणी टपटप गळत होतं. आत येऊन ते अंबक्कांना आदल्या दिवशीची मॅच सांगत होते. कोण किती धावांवर बाद झाला इथपर्यंत आले होते, तेवढ्यात अंबक्का म्हणाल्या, "पाऊस येतोय. कपडे काढा."

स्पष्ट, पूर्ण वाक्य. थोडं चिडकं, घरच्या बाईनं म्हणावं तसं.

मी खिडकीतून बघितलं. आभाळ तापल्या तव्यासारखं, ढगाचं नाव नाही. "अक्का, बाहेर तर ऊन..." मी म्हणायला लागलो. अण्णांनी माझा गुडघा दाबला.

"आलो," ते म्हणाले आणि उठले.

मी त्यांच्या मागे अंगणात गेलो. ते घाईघाईनं दोरीवरून ओले कपडे ओढत होते. नऊवारी लुगडं त्यांच्या अंगावर पडलं, शर्ट भिजला.

"अण्णा, एक तरी ढग आहे का?"

"ते टोक धर. जमिनीला लागू देऊ नको."

आम्ही दोघांनी सगळं आत आणलं. लुगडं दारावर टाकलं, धोतर कपाटावर, चादर खाटेच्या दांड्यावर. घरभर पाणी ठिबकायला लागलं. अंबक्का एकेक कपडा आत येताना बघत होत्या.

"सगळे आले ना?" अण्णांनी विचारलं. "की राहिला एखादा?"

त्यांनी मान हलवली. आले सगळे.

अण्णा ओल्या शर्टानंच त्यांच्या खुर्चीशी टेकून खाली बसले. मॅच अर्धवटच राहिली. मी पाच वाजता निघालो तेव्हाही बोळात लख्ख ऊन होतं, आणि ती दोघं खिडकीतून आभाळाकडे बघत बसली होती.