मुलाणी बाईंची पहिली

आमच्या शाळेत पेन्सिल मिळण्याआधी पहिलीच्या पोरांना परीक्षा द्यावी लागे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरता आला तर पेन्सिल. नाही आला, तर मुलाणी बाई म्हणत, "पिकलं न्हाई अजून. जा, मातीत खेळ."

कुरवंड्याच्या रस्त्याला आमची दोन शिक्षकांची शाळा. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी बाईंकडे. त्यांची पोरं चिंचोके मोजत, गाणी म्हणत, खिडकीतून आत शिरलेलं धुकं पुठ्ठ्याने हाकलत. वह्या कोऱ्या. वरून आलेल्या तक्त्यात 'जोडाक्षरे वाचतो का?' असा रकाना होता. त्यात बाईंनी लिहिलं, 'पुढचे दात पडलेत. हवा जाते.' मी हसून हसून बेजार.

तालुक्याचे शिक्षण खात्याचे साहेब मात्र हसले नाहीत. श्रावणात ते वडगावहून पडताळणीला आले, मोबाइलवर एका मिनिटाचं घड्याळ लावलं आणि सोनीच्या हातात पुस्तक देऊन तिला उभं केलं. सोनी शाळेजवळच्या बंगल्यावरच्या माळ्याची मुलगी, सहाचीही पुरती नव्हती.

"वाच."

तिने मोबाइलकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि उभ्या जागी तिचा फ्रॉक भिजला.

"साहेब, थांबा की. ल्हान हाय ती."

"बाई, अपेक्षा मी ठरवत नाही." त्यांचाही आवाज दमलेला होता. "मला अजून चार शाळा करायच्यात."

मिनिट संपल्यावर त्यांनी तक्त्यात शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सोनी आलीच नाही. बाईंना नोटीस आली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना पेन्सिली वाटून टाकल्या. वर्गातून बाराखडीचा गलका येऊ लागला. शाळा सुटली की बाई माळ्याच्या खोलीसमोर जाऊन बसत. सोनी पाण्याच्या पिंपामागे लपे. बाई हाक मारत नसत, नुसत्या बसून राहत.

दिवाळीच्या आधी माळ्याने लेकीला आजोळी धाडलं. त्या दिवशी मी बाईंसोबत होतो. खोलीला कुलूप होतं.

परतताना मी म्हणालो, "बाई, तुमचा काय दोष यात?"

"सर, आमच्या जावेदला पाचव्या वर्षी मी उठाबशा काढायला लावायची. पाढा चुकला की वीस. मास्तरणीचा पोरगा मागं राहून कसं चालंल?"

"पण आता पुण्यात चांगला इंजिनिअर आहे ना तो?"

"व्हय. दर रविवारी फोन करतो." बाई चालत राहिल्या. "सगळं बरोबर हाय, म्हणतो. दुसरं कायच सांगत न्हाई."