अप्पांच्या भाषणाचं पहिलं वाक्य

अप्पांनी सकाळी घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला आणि दुपारी चार वाजता तो त्यांनाच आठवेना.

"जगात कोणाला सापडणार नाही असा टाकलाय," असं ते चहाच्या वेळी छाती फुगवून म्हणाले होते. बोलण्यात खोट नव्हती. सापडेना.

पासवर्ड बदलण्यामागे कारण होतं. संध्याकाळी पाच वाजता निवृत्त कर्मचारी संघाच्या ऑनलाइन सभेत अप्पांचं व्याख्यान होतं. विषय, 'ऑनलाइन खेळ आणि बिघडलेली पिढी'. ऐन भाषणात घरातल्याच बिघडलेल्या पिढीने, म्हणजे धाकट्या लेकीने, गेम खेळून सगळं इंटरनेट ओढून घेऊ नये म्हणून त्यांनी सकाळीच नाकेबंदी केली होती.

अप्पा टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागातून निवृत्त झाले होते. त्यामुळे इंटरनेट हा आपलाच विषय आहे असं ते धरून चालत. "शेवटी वायरच ना!" हे त्यांचं त्या बाबतीतलं शेवटचं वाक्य असे. पण मत काय एकट्या इंटरनेटवर थोडंच होतं? पेट्रोल का महागलं, कुठल्या देशाने कुठल्या देशाशी बोलू नये, हवामानवाल्यांचं कुठे चुकतं, सगळी मतं अगदी तयार. नव्हता तो फक्त ऐकणारा. अप्पांनी तोंड उघडलं की त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, नळ सोडत आणि धाकटी कानात इयरफोन घाली. इमारतीच्या ग्रुपवर त्यांनी भलंमोठं काही लिहिलं की लोक एक अंगठा दाखवून मोकळे होत. अशा माणसाला संघाने आपण होऊन चांगली वीस मिनिटं दिली होती! चार दिवस ते आरशासमोर उभं राहून भाषण घोकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी 'तुमचं मत सांगा' म्हटलं होतं.

"अप्पा, काय ठेवला होता ते तरी सांगा, मी आठवायला मदत करते," धाकटी म्हणाली.

"पासवर्ड सांगायचा नसतो. तो गुप्त असतो."

"अहो पण तुम्हालाच माहीत नाही ना!"

"म्हणजे किती गुप्त आहे बघ."

खरी गोष्ट अशी होती की अप्पांनी आपल्या भाषणाचं पहिलं वाक्यच पासवर्ड म्हणून टाकलं होतं. घरात भाषण कोणी ऐकतच नाही, तेव्हा ते कोणाला ओळखता येणार, असा त्यांचा हिशोब. हिशोब चोख होता. पण दिवसभरात पहिलं वाक्य त्यांनी इतक्यांदा बदललं, की सकाळचं नेमकं कोणतं होतं याचा त्यांच्याच डोक्यात गोंधळ उडाला. 'मित्रहो' घालून पाहिलं, 'बंधुभगिनींनो' घालून पाहिलं, 'आज मी अत्यंत जड अंतःकरणाने' पण घालून झालं. लॅपटॉप आपला नाहीच म्हणत राहिला.

"तुझ्या मोबाइलवरून लाव मग," अप्पा म्हणाले. घरात वायफाय असताना मोबाइलवर वेगळं इंटरनेट घेणं म्हणजे दारात विहीर असताना टँकर मागवणं, असं मत असल्याने त्यांच्या स्वतःच्या फोनवर ते नव्हतंच.

"संपलं माझं. सकाळी तुम्ही वायफाय बंद केलंत, मग आमची मॅच मी मोबाइलवरच खेळले. आजचं सगळं गेलं."

"बघ! याच्यावरच आहे माझं भाषण."

"मग द्या ना," असं म्हणून धाकटीने हात झटकले.

आता गप्प बसावं की नाही? पण अप्पांना स्वस्थता कुठली! वायफायच्या डब्याच्या पाठीमागे एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी खुपसली की जुना पासवर्ड परत येतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. धाकटी "अहो नको, अप्पा!" म्हणेपर्यंत त्यांनी टाचणी खुपसलीसुद्धा. हिरवा दिवा गेला, लाल आला, आणि नवा तर नवा, जुना पासवर्डही बुडाला. आता कंपनीला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कंपनीने आधी बराच वेळ बासरी ऐकवली. मग एक मंजुळ आवाजाची बाई आली. अप्पांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, मधेच टेलिफोन खात्यातला स्वतःचा हुद्दाही सांगितला.

"सर, नोंदणीच्या नंबरवर सहा आकडे पाठवलेत. ते सांगा."

नोंदणीचा नंबर काकूंचा होता. आणि काकू त्या वेळी चौकापलीकडच्या दातांच्या डॉक्टरकडे, खुर्चीत, तोंड वासून पडल्या होत्या. धाकटीने आपल्या फोनवरून, स्पीकर चालू करून, त्यांना फोन लावला.

"आई, मेसेजमधले आकडे सांग पटकन!"

पलीकडून "आँ... आँ आँ" एवढंच आलं. काकूंच्या गालात कापूस आणि जिभेखाली नळी होती. शेवटी डॉक्टरांनी फोन हातात घेतला.

"आकडे ना? सांगतो की. पण काय हो अप्पा, नेट गेलं का तुमचं? माझं स्पष्ट मत आहे, हे सगळं त्या टॉवरमुळे होतं. एकेका टॉवरवर किती भार टाकायचा! दातांचंच घ्या ना..."

"डॉक्टर, आकडे!" अप्पा ओरडले. दुसऱ्याचं मत ऐकून घेणं किती त्रासाचं असतं हे त्यांना त्या क्षणी प्रथम कळलं असावं. पण कळून उपयोग काय? डॉक्टर दाढेवरून आकड्यांवर येईपर्यंत आकडे बाद झाले होते.

"सॉरी सर, मुदत संपली," कंपनीची बाई म्हणाली. "आता उद्या माणूस येईल."

"उद्या? अहो, माझं भाषण आज आहे!"

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

अप्पांनी फोन ठेवून दिला. हे वाक्य त्यांनी नोकरीभर लोकांना ऐकवलं होतं. त्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

"शेजारी विचारू या," धाकटी म्हणाली.

शेजारी वकील राहत. पेट्रोल जहाजं अडकल्यामुळे महागलं असं अप्पांचं मत आणि करांमुळे महागलं असं वकिलांचं. यावरून इमारतीच्या ग्रुपवर जुंपली, तेव्हा 'वकिलांनी वर्तमानपत्र सरळ धरून वाचावं' असं अप्पांनी लिहिलं होतं. तेव्हापासून दोघं जिन्यात भेटले तरी भिंतीकडे बघत. पण अडला हरी! अप्पांनी बेल वाजवली. वर कोट, टाय आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा अशा थाटात अप्पा उभे होते. कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसत नाही, म्हणून पँटला इस्त्री कशाला करा, हेही एक मतच.

वकिलांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "देतो की पासवर्ड. न द्यायला काय झालं? फक्त ग्रुपवर लिहा, पेट्रोलबाबत माझं चुकलं, वकीलसाहेबांचं बरोबर आहे."

"हा अन्याय आहे!"

"अपील करा."

अप्पांनी घड्याळाकडे पाहिलं, दात-ओठ खाल्ले आणि फोनवर ते वाक्य लिहिलं. "घ्या. लिहिलं."

वकिलांनी आपला फोन पाहिला. "माझ्याकडे आलेलं नाही."

"कसं येईल? इंटरनेट कुठाय मला? तुम्ही पासवर्ड द्या, की लगेच येईल."

"आलं, की लगेच देतो."

"अहो, द्याल तेव्हा येईल ना!"

"येईल तेव्हा देईन ना!"

असं दोघांचं दारातच बराच वेळ चाललं. शेवटी धाकटीने अप्पांचा कोट धरून त्यांना जिन्याकडे ओढलं. "चला हो अप्पा. कोपऱ्यावर चला."

कोपऱ्यावर गेमिंग कॅफे होता. तो बंद व्हावा म्हणून अप्पांनी इमारतीच्या सभेत दोनदा ठराव मांडला होता आणि दोन्ही वेळा अनुमोदन कोणी दिलं नव्हतं. पायजमा सावरत, भर रस्त्याने, टाय उडवत अप्पा तिथे पोचले. आत अंधार, निळेजांभळे दिवे आणि रांगेने बसलेली पोरं.

"या काका," मालक म्हणाला. "बंद करायला आलात का?"

"इंटरनेट आहे का?" अप्पांनी खालच्या आवाजात विचारलं.

"अख्ख्या गल्लीत नाही असं आहे."

धाकटीने अप्पांचा फोन कॅफेच्या वायफायला जोडला, सभेचा दुवा काढला आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर सभा उघडून दिली. पडद्यावर संघाची मंडळी चौकोनाचौकोनात येऊन बसली होती. अध्यक्षांचं फक्त कपाळ आणि पंखा दिसत होता. अप्पा खुर्चीत बसले आणि पहिलं वाक्यच साफ विसरले.

"धाकटे," ते कासावीस होऊन म्हणाले, "माझं काहीच आठवत नाहीये गं."

"'ही पिढी डोक्याने नाही, अंगठ्याने विचार करते.' सकाळी हेच घोकत होतात की."

"तू ऐकत होतीस?"

"चार दिवस दुसरं ऐकायला काय होतं घरात?"

अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हाच पासवर्ड!"

धाकटी काही बोलणार एवढ्यात काकूंचा पुन्हा "आँ आँ" असा फोन आला. त्यांना घरी न्यायला हवं होतं. "हेडफोन घाला आणि सुरू करा," असं सांगून ती पळाली. अप्पांच्या आणि शेजारच्या खुर्चीच्या मधल्या खुंटीवर दोन हेडफोन होते. शेजारचा टोपीवाला पोरगा फोनवर बोलत बाहेर गेला होता. अप्पांनी त्यातला चकाकणारा उचलून कानाला लावला.

"ही पिढी," अप्पांनी खणखणीत सुरुवात केली, "डोक्याने नाही, अंगठ्याने विचार करते!"

कानात एकदम आवाज आला, "अरे, हा कोण बोलतोय?"

"कोणीतरी काका आहेत रे."

संघात ही तरुण मंडळी कधी भरती झाली याचं अप्पांना नवल वाटलं, पण ते थांबले नाहीत.

"काका, मागे बघा! मागे!"

अप्पांनी मागे पाहिलं. भिंत होती.

"खाली वाका, खाली!"

अप्पा वाकले. संघाला त्यांचं टक्कल दिसलं असणार. सभेला शिस्त म्हणून नाही, असं पुटपुटत ते पुन्हा वर आले. पडद्यावर खजिनदार दोन्ही कानांकडे बोट दाखवून हात हलवत होते. पिढीची अवस्था ऐकून कानावर हात ठेवतायत, असं समजून अप्पांना आणखी चेव आला. मग कानात कोणीतरी म्हणालं, "गप्प बसा रे सगळे. ऐकू दे ना." आणि खरोखरच शांतता झाली. अप्पांनी आयुष्यात एवढी शांतता अनुभवली नव्हती. ते वीस मिनिटं बोलले, थांबावंसं वाटेना म्हणून आणखी बोलले. 'माणूस समोर असताना पडद्याकडे बघणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उपाशी उठणं' हे शेवटचं वाक्य त्यांनी टेबलावर हात आपटून म्हटलं. पडद्यावर अध्यक्षांच्या कपाळाने मान डोलावली, सगळ्यांनी नमस्कार केला आणि चौकोन एकेक करून विझले.

लगेच अध्यक्षांचा फोन. अप्पांनी एक कान मोकळा करून घेतला.

"वा अप्पा! अत्यंत परखड! शेवटचा मुद्दा तर फारच छान."

"कोणता?" अप्पांनी लाजत विचारलं.

"तोच. शेवटचा."

"पण नेमकं काय आवडलं?"

"सगळंच हो! बरं, ठेवतो, बातम्या लागल्यात."

अप्पा फुललेल्या चेहऱ्याने वळले, तर मागे टोपीवाला उभा. "काका, तुम्ही माझा हेडफोन घातलाय."

"मग?"

"तुमच्या मशीनचा हा दुसरा, खुंटीवर आहे. तुमचं सगळं बोलणं आमच्या गेममध्ये जात होतं. सभेला एक अक्षर ऐकू गेलं नसणार."

अप्पा खुर्चीत बसलेलेच होते, म्हणून पडले नाहीत. चार दिवस आरसा, कोट, टाय, आणि ऐकलं कोणी? ज्यांच्या नावाने खडे फोडले त्यांनी! आणि तो अध्यक्ष, 'शेवटचा मुद्दा फारच छान' म्हणे! त्यांना रागाने रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरू लागला. कॅफेच्या वायफायची हवा लागताच अडकून पडलेला तो माफीचा मेसेज केव्हाच ग्रुपवर जाऊन पोचला होता. 'पेट्रोलबाबत माझं चुकलं, वकीलसाहेबांचं बरोबर आहे.' अख्ख्या इमारतीने टाळ्या वाजवल्या होत्या. अप्पांच्या कुठल्याच मताला आजवर इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या. खाली वकिलांनी आपला पासवर्ड लिहून पाठवला होता आणि पुढे हात जोडले होते. अप्पांनी दात-ओठ खात 'प्रत्यक्षात जहाजं' इतकं लिहिलं.

"काका, आहात का?" कानात आवाज आला. "आम्ही हरलो तुमच्यामुळे. सगळे एका पडक्या घरात लपून तुमचंच ऐकत बसलो होतो."

"ते ताटाचं पटलं मला," आवाज पुढे म्हणाला. "पण एक विचारू? आमचे बाबा जेवताना टीव्हीवरच्या चर्चा बघतात. आम्ही काही सांगायला गेलो की हात करून गप्प करतात. ते यात धरायचं का?"

अप्पांना आपलं जेवणाचं टेबल दिसलं. टीव्हीकडे वळवून ठेवलेली आपली खुर्ची दिसली. मत तयार नाही असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

दारात धाकटी आली, तिच्यामागे गाल सुजलेल्या काकू. "अप्पा, झालं ना भाषण? चला घरी."

"थांब गं जरा," अप्पा म्हणाले आणि हेडफोन दोन्ही कानांवर नीट बसवला. "हं, बोल बाळा. काय सांगायचं असतं तुला बाबांना?"